काकूंच्या राऊटरची काठी आणि एकाच तांब्यात बसवलेले दोन बँड

गणपतीच्या आधी माळ्यावरनं मखराचं सामान काढताना आमच्या मजल्यावरच्या काकूंचा राऊटर खाली पडला आणि त्याची एक काठी, म्हणजे अँटेना, बुडापासून मोडली. मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, त्यामुळे लालबागच्या आमच्या बिल्डिंगमधलं मिक्सरपासून रिमोटपर्यंत सगळं माझ्याकडेच येतं, तशी ही काठीपण आली. प्लास्टिक ओढून काढलं तर वीतभर काठीच्या आत बोटाएवढी हिरवी पट्टी आणि बाकी नुसती पोकळ नळी.

"अरे, एवढंसंच? मग मेले एवढी लांब काठी कशाला लावतात?"

"काकू, गिऱ्हाइकाला दिसायला."

पट्टीवर तांब्याच्या दोन रेघा होत्या, एक लांब आणि बारीक, दुसरी तिच्या निम्म्याहून कमी पण चांगली जाडजूड, आणि खालच्या बाजूला तशीच उलटी जोडी. काकूंनी चष्मा लावून ती नीट बघितली आणि विचारलं, ही एक बारीक आणि एक जाड का रे? खरं सांगतो, मी इंजिनिअरिंगला असताना हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मी पण कोणाला विचारला नव्हता, आम्ही सॉफ्टवेअरमधे आकडे सरकवत बसायचो आणि ग्राफ खाली गेला की प्रोजेक्ट झाला. पण प्रश्न एकदम बरोबर आहे. दोन बँडच्या, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या दोन वेगळ्या पट्ट्यांवर चालणाऱ्या, मोनोपोल नावाच्या अँटेनात सगळा खेळ आकाराचाच असतो, धातू तोच, वायर तीच, फक्त तांबं कुठे लांब, कुठे रुंद, कुठे वाकलेलं आणि कुठे कशाच्या किती जवळ, यावर ठरतं की ते चालणार का नाही.

आधी मोनोपोल म्हणजे काय ते उरकून टाकू. एक उभी तार, खाली धातूचा सपाट भाग, त्याला ग्राऊंड म्हणायचं, आणि या दोघांच्या मधल्या फटीत सिग्नल द्यायचा. जुलैत मरीन ड्राइव्हच्या ओल्या रस्त्यावर दिव्याचा खांब उभा असतो आणि खाली त्याचं उलटं प्रतिबिंब दिसतं ना, तसं ग्राऊंड आरशाचं काम करतं, अर्धी तार खरी आणि अर्धी आरशातली. काकूंच्या पट्टीवर आरसा नव्हता म्हणून खालची जोडी खरीच काढलेली होती, त्याला डायपोल म्हणतात, पण वरचा अर्धा भाग बघितला तर हिशेब मोनोपोलचाच.

आता लांबी. वायफायचा खालचा बँड २.४ चा, मधोमध २.४५ गिगाहर्ट्झ धरा, म्हणजे करंट सेकंदाला २४५ कोटी वेळा पुढेमागे हलतो, आणि लहर सेकंदाला ३० कोटी मीटर पळते, भागाकार केला की एका लहरीची लांबी येते १२.२ सेंटिमीटर. मोनोपोल याच्या पाव लागतो, म्हणजे साधारण ३ सेंटिमीटर. वरच्या बँडला ५.५ धरलं तर लहर ५.४५ सेंटिमीटर आणि पाव म्हणजे १.३६. हे हवेतले आकडे. हिरव्या बोर्डावर, म्हणजे एफआर४ वर, तांबं छापलं की लहर थोडी आखडते, कारण अर्धी बाजू बोर्डाला चिकटलेली असते, त्यामुळे ३ च्या जागी अडीच सेंटिमीटरच्या आसपास पुरतं.

पावच का? लहानपणी पेनाचं टोपण ओठाला लावून शिट्टी वाजवलीय ना. एक तोंड बंद, एक उघडं. बंद टोकाला हवा हलूच शकत नाही, उघड्या तोंडाशी ती सगळ्यात जास्त हलते, आणि अशा नळीत लहरीचा पाव भाग बरोबर बसतो. मोनोपोलमधे हवेच्या जागी करंट. वरच्या टोकाला पुढे तारच नाही तर करंट जाणार कुठे, म्हणून तिथे शून्य, आणि बुडाशी जास्तीत जास्त. व्होल्टेजचं बरोब्बर उलटं, टोकाला जास्त आणि बुडाशी कमी. हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी हेच लागणार आहे.

टोपणाची अजून एक गंमत, जोरात फुंकलं तर दुसरा सूर निघतो, पण तो दुप्पट नसतो, तिप्पट असतो. एक बाजू बंद असलेल्या नळीत १, ३, ५ असे विषम सूरच चांगले वाजतात. मोनोपोलचं पण तेच, २.४५ ला जमवलेली काठी पुढे थेट ७.३५ ला चांगली चालते. आणि आपल्याला हवाय ५.५, म्हणजे सव्वादोन पटीच्या जरासा आत.

बरं, ५.५ ला काठी नुसती "चालत नाही" एवढ्यावर भागत नाही. दुपटीवर, म्हणजे ४.९ ला, ही काठी अर्ध्या लहरीएवढी होते आणि तिथे बुडाशी करंट जवळजवळ शून्य आणि व्होल्टेज भरपूर. पाव लहरीचा आदर्श मोनोपोल ३६ ओहमच्या आसपास असतो, केबल ५० ची, हे दोन आकडे जितके वेगळे तितका सिग्नल अँटेनात न शिरता परत फिरतो, इथे शंभरातले अडीच-एक परत येतात, चालतंय. पण अर्ध्या लहरीच्या बारीक काठीला बुडाशी हजारेक ओहम धरले तर शंभरातले ऐंशी परत. आणि वायफायचा ५ चा बँड सुरू होतो ५.१५ ला, या अडथळ्याला अगदी खेटून. म्हणजे निसर्गाने जिथे दार घट्ट लावलंय नेमकं तिथेच आपल्याला आत जायचंय.

हॅम रेडिओवाल्यांचं, म्हणजे हौसेने वायरलेस चालवणाऱ्यांचं, या बाबतीत नशीब जोरावर. त्यांचे हातातले सेट १४५ आणि ४३५ मेगाहर्ट्झवर चालतात, ४३५ म्हणजे १४५ च्या बरोबर तिप्पट, त्यामुळे एकच साधी अर्ध्या मीटरची काठी दोन्हीकडे फुकटात जमते. पूर्ण फुकट पण नाही म्हणा, तिसऱ्या सुरावर सिग्नल आडवा न जाता साधारण ४५ अंश वर चढतो, समोरच्या माणसापेक्षा पक्ष्यांना जास्त ऐकू येतं.

वायफायला मग काय करायचं? सगळ्यात सरळ उपाय काकूंच्या पट्टीवर होता, दोन हात काढायचे, एक २.४ चा, एक ५ चा, बुडाशी दोघांना एकत्र जोडायचं. २.४ चा सिग्नल आला की लांब हात घेतो, आखूड हात त्या वेळी गप्प असतो. ५ चा आला की लांब हात हजार ओहमवाल्या अवस्थेत असल्यामुळे बाजूला राहतो आणि करंट आखूड हातात जातो. वरचा अडथळा इथे उलट कामाला आला बघा, जो दोष होता तोच ट्रॅफिक हवालदार झाला.

आता काकूंचा प्रश्न, बारीक आणि जाड. २.४ चा बँड २४०० ते २४८३.५, म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के रुंद. ५ चा आपल्याकडे ५१५० ते ५८७५ आहे, मधे एक फट सोडून, २०१८ साली लायसन्समुक्त केलेला, तो धरला तर तेरा टक्के. लांब हाताला एका सुरात गायचंय, आखूड हाताला साधारण सा ते रे एवढं सगळं सांभाळायचंय. आणि तांबं जितकं रुंद तितका अँटेना कमी हट्टी होतो, कारण रुंद पट्टीत ऊर्जा जवळच्या जवळ कमी साठते आणि बाहेर लवकर पडते, म्हणजे ट्यूनिंग थोडं इकडेतिकडे गेलं तरी तो रुसत नाही. म्हणून ५ चा हात जाड. २.४ चा बारीक ठेवला तरी चालतं, जागा वाचते, आणि मुंबईत राहणाऱ्याला जागा वाचवणं शिकवावं लागत नाही.

माझ्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट हाच होता, दोन हातांचा मोनोपोल. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातनं कॉपर क्लॅड, म्हणजे तांबं चढवलेला बोर्ड, आणि नको असलेलं तांबं खाऊन टाकणारं फेरिक क्लोराइड, ग्लॉसी पेपरवर लेझर प्रिंट आणि घरची इस्त्री, जी नंतर बरेच दिवस कपड्यांवर काळे डाग पाडत होती आणि त्यावरनं आईने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. बोर्ड बनला, कॉलेजच्या व्हीएनएला लावला. व्हीएनए म्हणजे अँटेनाकडे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी पाठवून कितीतलं किती परत आलं ते दाखवणारं मशीन, ग्राफ जिथे खाली बुडतो तिथे अँटेना चालतो, आणि उणे १० डीबीच्या खाली गेला म्हणजे शंभरातले दहाच परत आले, पास. माझा पहिला खड्डा हवा होता २.४५ ला, आला २.३० ला. दुसरा हवा होता ५.५ ला, आला ५.९ ला.

पहिलं सोपं, लांब हाताचं टोक कटरने दीड मिलिमीटर खरवडलं, खड्डा २.४५ ला येऊन बसला. २५ मिलिमीटरमधले दीड म्हणजे सहा टक्के, फ्रिक्वेन्सी पण तेवढीच वर. याचा अर्थ बघा, एक मिलिमीटर इकडेतिकडे म्हणजे शंभर मेगाहर्ट्झ, आणि अख्खा बँडच साडेत्र्याऐंशी मेगाहर्ट्झचा. इस्त्रीने छापलेल्या रेघेची कड किती सरळ येते ते ज्याने केलंय त्याला माहितीय. आखूड हातावर तर एक मिलिमीटरला चारशे मेगाहर्ट्झ जातात.

दुसऱ्याने मात्र माझी जिरवली. ५.९ खाली आणायचं म्हणजे आखूड हात मोठा करायचा, म्हणून मी त्याला कॉपर टेप चिकटवून रुंद केला, पण आतल्या बाजूने, लांब हाताच्या दिशेने, कारण बाहेरच्या बाजूला बोर्डाची कड जवळ होती आणि तिथे चिकटवायला कंटाळा आला. खड्डा ५.५ ला आला, मी खूष, आणि स्क्रीनवर डावीकडे बघतो तर २.४५ घसरून २.३८ वर. लांब हाताला तर मी हातपण लावला नव्हता! सर मागून म्हणाले, "फट किती ठेवलीयस दोघांच्यात?" फट राहिली होती अर्धा मिलिमीटर. दोन तांब्याच्या कडा एवढ्या जवळ आल्या की तो कपॅसिटर, म्हणजे चार्ज साठवणारी जोडी, होतो, आणि लांब हाताला तो वजन टांगल्यासारखा लागतो. टेप काढली, नाक मुठीत धरून बाहेरच्या बाजूला लावली, दोन्ही खड्डे जागेवर. टेप तेवढीच होती, फक्त बाजू बदलली.

दोन हातांच्या मधे अजून एक जागा असते जिची सहसा कोणी आठवण काढत नाही. २.४५ च्या वर गेलं की लांब हात कॉइलसारखा वागायला लागतो, आणि ५.५ च्या खाली आखूड हात कपॅसिटरसारखा, मग मधे कुठेतरी दोघं एकमेकांचा करंट एकमेकांतच फिरवत बसतात आणि बाहेर काही जात नाही. ही फ्रिक्वेन्सी साडेतीन-चारच्या पट्ट्यात पडली तर उलट बरंच, आपल्याकडचं बरंचसं ५जी ३.३ ते ३.६७ मधे चालतं, त्याचा गोंगाट आपोआप अडतो. पण हात आणि फट चुकली आणि ती मृत जागा ५.१५ ला येऊन बसली तर मग ग्राफमधे खड्ड्याच्या शेजारी डोंगर.

आता दुसरा मार्ग, मला स्वतःला हा जास्त आवडतो, यात हात एकच. एकाच काठीचा ७.३५ वाला तिसरा सूर ओढून ५.५ वर आणायचा, पण पहिला २.४५ जागचा हलला नाही पाहिजे. ऐकायला अशक्य वाटतं, लांबी वाढवली तर दोन्ही सारखेच खाली येणार. पण आठवा, करंट आणि व्होल्टेज काठीवर सगळीकडे सारखे नसतात, आणि दोन सुरांचे नकाशे वेगळे असतात. ३० मिलिमीटरची काठी घ्या. पहिल्या सुरात करंट बुडापासून टोकापर्यंत हळूहळू उतरत जातो. तिसऱ्या सुरात तो बुडाशी जास्त, १० मिलिमीटरवर शून्य, मग उलट दिशेने वाढत २० मिलिमीटरवर परत जास्तीत जास्त, आणि टोकाला शून्य.

म्हणजे २० मिलिमीटरच्या जागी तार गुंडाळून किंवा नागमोडी करून छोटी कॉइल केली, तर तिसऱ्या सुराला ती पूर्ण जाणवते कारण तिथे त्याचा करंट शिगेला असतो, आणि पहिल्या सुराचा करंट तिथे अर्धाच उरलेला असतो, परिणाम जातो वर्गाने, म्हणजे चौथा हिस्सा. कॉइल करंटवाल्या जागी काम करते. रुंदी व्होल्टेजवाल्या जागी, कारण रुंद तांबं म्हणजे जास्त कपॅसिटन्स. तिसऱ्या सुराचं व्होल्टेज १० मिलिमीटरवर शिगेला, तर तिथे काठीला एक चौकोनी पोट काढायचं, की परत तिसरा सूर पूर्ण खाली आणि पहिला चौथ्या हिश्शाने. पहिला जेवढा घसरला तेवढी काठी टोकाला छाटून भरून काढायची. बदल मोठा असला तर हे गणित तंतोतंत नाही चालत, पण कुठल्या बाजूला जायचंय ते बरोबर सांगतं.

जुन्या मोबाईलला वर शेंडी असायची आठवतंय? त्यातल्या ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झ अशा दोन बँडच्या कित्येक शेंड्यांच्या आत स्प्रिंगसारखी गुंडाळलेली तार असायची आणि तिचे वेढे एका भागात दाट, एका भागात विरळ असायचे. तिपटीचं नातं दुपटीवर आणायचं होतं, म्हणून.

मी आता कुठलाही विचित्र आकाराचा अँटेना बघितला की सूत्र नंतर आठवतो, आधी एवढंच विचारतो, की या कोपऱ्यात, या खाचेत, या पोटात, कुठल्या सुराचा करंट आहे आणि कुठल्याचं व्होल्टेज. खाच ही करंटच्या वाटेत आडवी कापली तरच तिला अर्थ, करंट तिला वळसा घालून जातो म्हणजे त्याची वाट लांबते. टोकाशी, जिथे करंटच नाही, तिथे कितीही नक्षी काढा, वाट कोणाची लांबणार? बुडाशी अर्धा मिलिमीटर कापा, सगळं हलतं. इंटरनेटवर अँटेनाचे पेपर बघितले तर कमळ, फुलपाखरू, स्वस्तिक काय वाट्टेल त्या आकाराचे मोनोपोल सापडतात, आणि माझं प्रामाणिक मत आहे की त्यातल्या बऱ्याच जणांचं काम कमळाच्या एका पाकळीच्या लांबीने आणि बुडाशी ठेवलेल्या फटीने होतंय, बाकीच्या पाकळ्या फोटोसाठी.

तिसरा मार्ग म्हणजे दांडगाई. दोन सूर वेगळे साधण्याची भानगडच नको, काठीची सरळ रुंद पाटी करा, मग तो हजार ओहमचा अडथळा इतका कमी होतो की दोन्ही बँड एकाच लांबलचक बँडमधे विरघळून जातात. या पाटीचा एक हिशेब आपल्या मुंबईतलाच आहे. पवईला आयआयटीच्या आवारात समीर नावाची सरकारी संस्था आहे, मायक्रोवेव्हवर काम करणारी, तिथल्या के. पी. रे यांनी २००८ साली छापील मोनोपोलसाठी मांडलेला. पाटीची उंची, रुंदी भागिले ६.२८, आणि बुडाशी ग्राऊंडपासून सोडलेली फट, हे सगळं सेंटिमीटरमधे घेऊन बेरीज करा, एफआर४ चा नेहमीचा बोर्ड असेल तर बेरजेला १.१५ ने गुणा, आणि त्याने ७.२ ला भागा, बँडची खालची कड गिगाहर्ट्झमधे मिळते. करून बघा, उंची २.३५, रुंदी १ सेंटिमीटर म्हणजे ०.१६, फट ०.१, बेरीज २.६१, गुणिले १.१५ म्हणजे ३, आणि ७.२ भागिले ३ म्हणजे २.४. एवढ्या किचकट गोष्टीचा हिशेब चहाच्या बिलामागे होतो याचं मला अजून कौतुक आहे. आणि बघा त्यात रुंदी आणि फट दोन्ही लांबीच्याच बाजूला बसल्यात, म्हणजे रुंद केली की तेवढी उंची कमी पुरते. या पाटीचा तोटा एकच, ती मधलं सगळं पण घेते, ५जीचा गोंगाट असो नाहीतर अजून काय, मग आत फिल्टर लावा.

उंचीच कमी करायची तर तार नागमोडी करतात, छोट्या वायफाय बोर्डांच्या कडेला ती सापासारखी सोनेरी रेघ असते तीच. आमच्याकडच्या बीडीडी चाळीत १६० स्क्वेअर फुटात संसार मावायचा तसा सगळा तांब्याचा संसार त्यात मावतो, पण पाहुणे आले की पंचाईत. शेजारशेजारच्या वळणांत करंट उलटसुलट जातो, त्यांचं एकमेकांत कटतं, आणि बाहेर काम करते ती फक्त निव्वळ उंची. आखूड काठीची बाहेर फेकायची ताकद उंचीच्या वर्गाने पडते, उंची निम्मी तर ताकद पाव. मग बँड अरुंद होतो आणि तांब्यातच उष्णता जास्त होते. यातनं कोणाची सुटका नाही, चू नावाच्या माणसाने १९४८ मधेच गणिताने दाखवलंय की अँटेना जेवढ्या लहान गोळ्यात कोंबाल तेवढा बँड अरुंद होणार, आकार कसलाही असो. म्हणून दोन बँडमधे २.४ च्या हाताला थोडी नागमोड चालते, त्याला साडेतीनच टक्के हवेत, ५ च्या हाताला सहसा कोणी वळवत नाही.

आता ग्राऊंड, ज्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं कारण ते नुसतं मोठ्ठं तांबं दिसतं. आरसा मोठा असेल तर प्रतिबिंब पूर्ण. पण छोट्या बोर्डावर ग्राऊंडच तीन-चार सेंटिमीटरचं, म्हणजे २.४ च्या पाव लहरीएवढं, मग तो आरसा न राहता स्वतःच अँटेनाचा अर्धा भाग होतो आणि त्याच्या कडांवरनं करंट धावतो. माझ्या प्रोजेक्टचं ग्राऊंड मी हौसेने लहान केलं, तर २.४ चा खड्डा सरकून वर आला आणि उथळ झाला, ५ ला फार फरक पडला नाही कारण त्याच्या लहरीच्या मानाने ग्राऊंड अजून पुरेसं मोठं होतं. सगळ्यात मजा म्हणजे मापताना केबलला बोट लावलं की ग्राफ हलायचा. अँटेनाला नाही, केबलला! करंट ग्राऊंडवर न मावून केबलच्या बाहेरच्या जाळीवर उतरला होता, म्हणजे मी इतका वेळ कोणता अँटेना मापत होतो, तर बोर्ड अधिक मीटरभर केबल. ज्या मापात केबलला हात लावल्यावर ग्राफ नाचतो ते माप फेकून द्यावं. त्याच कारणाने नागमोडी अँटेनावाल्या बोर्डाखाली ग्राऊंड किंवा बॅटरी सरकवू नये, पोरं डब्यात प्रोजेक्ट बसवताना हमखास हेच करतात आणि मग कोडमधे बग शोधत बसतात.

काठी उभी का आडवी हे पण सांगून टाकतो कारण काकूंनी ती बेडरूमकडे बोट दाखवल्यासारखी वळवून ठेवली होती. मोनोपोलचा सिग्नल मेदूवड्यासारखा पसरतो, काठी भोकातनं गेलेली, वडा चारी बाजूंना, आणि काठीच्या टोकाच्या दिशेला भोक. म्हणजे ज्या खोलीकडे टोक रोखलं तिथे सगळ्यात कमी. आणि तांबं लहरीच्या मानाने लांब झालं की वड्याला तडे जातात, त्यामुळे एकच काठी २.४ ला छान गोल वडा देते आणि ५ ला एखाद्या बाजूने चेपलेला, खास करून दुसऱ्या हातामुळे सिमेट्री बिघडलेली असली तर. एस वन वनचा ग्राफ, म्हणजे व्हीएनएवर दिसतो तोच, हे सांगत नाही. तो फक्त सांगतो की परत किती आलं, बाकीचं कुठे गेलं, समोरच्या खोलीत का छतात का बोर्ड तापवण्यात, ते त्याला माहीत नसतं.

तर काकूंची पट्टी शाबूत होती, फक्त केबल तुटली होती. मी ती परत सोल्डर केली, काठी जोडली, राऊटर चालू. संध्याकाळी काकूंचा नातू दारात. "दादा, २.४ चं येतंय, ५ चं हॉलमधेपण दिसत नाहीये."

परत उघडली. सोल्डर करायला सोपं जावं म्हणून मी केबलची जाळी सोलून पिळून तिची तीन मिलिमीटरची शेपटी केली होती आणि ती खालच्या जोडीला लावली होती. तीन मिलिमीटर तार म्हणजे अडीच-तीन नॅनोहेन्रीची कॉइल, नेमकी बुडाशी, जिथे करंट शिगेला. २.४५ ला तिचा अडथळा चाळीसेक ओहम, तो बिचारा कसाबसा खपून गेला. ५.५ ला नव्वद. काकूंच्या पट्टीला मी नकळत तिसरा अवयव जोडला होता.

शेपटी कापली, जाळी पट्टीला अगदी खेटून चारी बाजूंनी सोल्डर केली, प्लास्टिक चढवलं, आणि काठी सरळ उभी करून ठेवली. नातवाला ५ चं नाव आता जिन्यातपण दिसतं. काकूंनी मात्र दुसऱ्या दिवशी ती परत बेडरूमकडे वळवून ठेवलेली.